काकांची तिकिटं आणि बाथरूमची भिंत

काका गेले आणि त्यांचा तिकीटसंग्रह पुतणीकडे आला. वाटणीत आला असं म्हणणं जरा जास्तच होईल. बाकी कुणाला तो नको होता, एवढंच. तिनं मला फोन केला तेव्हा प्रश्न आधीच ठरवून ठेवला होता. "दादा, चांगले अल्बम कुठले घेऊ ते सांगा. पैसे फार नाहीत, पण काकांच्या तिकिटांना शोभतील असे हवेत."

"आधी काहीच घेऊ नकोस," मी म्हटलं. "मी येऊन बघतो."

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की वारशानं संग्रह हातात आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस अल्बमपासून सुरुवात करतो. इथे मात्र अल्बम घ्यावाच लागला नाही. शिवाय मधे मी स्वतः एक घोडचूक केली. ती झाकून ठेवली तर उरलेलं लिहिण्यात अर्थ नाही.

काय होतं, कुठे होतं

सगळं मिळून साधारण ३,८०० तिकिटं आणि चाळीसेक पाकिटं. बरीचशी वापरलेली, शिक्का मारलेली. कोरी, मागचा डिंक शाबूत असलेली अशी तीनशेच्या आसपास. काकांनी पन्नासएक वर्षं जमवली होती आणि प्रत्येक दशकात जे हाताशी आलं त्यात ठेवली होती. सर्वात जुना एक छापील अल्बम, त्यात हिंज, म्हणजे डिंक लावलेले घडीचे छोटे कागद, लावून डकवलेली तिकिटं, पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या. दोन स्टॉकबुकं, म्हणजे पानांवरच्या पट्ट्यांत तिकिटं नुसती खोचून ठेवायची पुस्तकं. पारदर्शक खिसे असलेला एक जाडजूड फोटो अल्बम. एक तो चिकट पानांचा, वरची फिल्म उचलून खाली फोटो ठेवायचा असतो तसला अल्बम. आणि एक पत्र्याचा डबा, ज्यात खाकी पाकिटं आणि रबरबँड लावलेले गठ्ठे.

हे सगळं एका लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. स्टॉकबुकं आडवी, त्यांच्यावर फोटो अल्बम, त्यावर पत्र्याचा डबा. कपाट भिंतीला अगदी चिकटून. भिंतीपलीकडे बाथरूम.

मी पहिलं स्टॉकबुक उघडलं तेव्हा पान सुटताना बारीक चरचर ऐकू आली. ज्यानं डिंकाची तिकिटं हाताळली आहेत त्याच्या पोटात हा आवाज ऐकून गोळा येतो. कोऱ्या तिकिटांचा एक चौकडा होता, चार तिकिटं एकमेकांना जोडलेली. चिमट्यानं हलकेच खालून उचलायला गेलो तर एक कोपरा उठला आणि बाकीचा तसाच राहिला. मी लगेच थांबलो. अशा वेळी जरा जोर लावला की डिंक पानाला राहतो, कागदाची साल निघते आणि तिकीट संपतं.

तिकिटाचा डिंक हवेतला ओलावा शोषतो. तो बनवलाच जातो जिभेच्या ओलीनं चिकटावा म्हणून. तो आपलं काम करतो, आपण नको त्या जागी करवून घेतो, एवढंच. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं चिकटणारं तिकीट निघालं तेव्हापासून ही भानगड आहे. त्यात वरून चार किलोचं वजन ठेवलं तर वेगळं काय होणार? स्टॉकबुक उभं ठेवायचं असतं, पुस्तकासारखं, आणि तेही कोंबून नाही. या एका बदलाला शून्य खर्च येतो. मी असे किमान दहा संग्रह पाहिले असतील ज्यांचं अर्धं नुकसान केवळ आडवं ठेवल्यानं झालं होतं.

आठवडाभर नुसतं मोजणं

पहिली खरेदी म्हणजे एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. स्वस्तातले असे मापक चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात इतकंच पाणी टाकायचं की ते ओल्या वाळूसारखं होईल, विरघळून जाणार नाही. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवायचं. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, कुठेही करा. आमच्या मापकानं ७१ दाखवली. म्हणजे त्यात चार मिळवायचे. हे तिनं मापकाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

मग तो मापक दोन-दोन दिवस वेगवेगळ्या ठिकाणी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, दुरुस्ती धरून, ७४. त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात ६९. आतल्या खोलीत, दोन्ही बाजूंना खोल्याच असलेल्या भिंतीलगतच्या पुस्तकांच्या शेल्फवर ५८. एकाच घरात, एकाच आठवड्यात.

६५ च्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि कसरीलाही दमटच आवडतं. तिला डिंक, खळ, कागदाचा गुळगुळीत थर सगळंच चालतं. कागदासाठी साधारण ४० ते ५५ ठीक. तापमान जितकं कमी आणि जितकं एकसारखं तितकं बरं, पण घरात ते आपल्या हातात फारसं नसतं. जागा मात्र असते. माळा नको, छपराखालची उष्णता सगळं वाळवून वाकडं करते. जमिनीलगत नको. बाहेरच्या किंवा ओल्या भिंतीला टेकून नको. खिडकीतलं ऊन पडेल तिथे तर नकोच. जांभळे आणि लालसर रंग आधी उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

"म्हणजे कपाट बदलायचं?" ती म्हणाली.

"कपाट नाही. खोली."

संग्रह आतल्या शेल्फवर गेला. इथपर्यंतचा खर्च: एक मापक आणि चिमूटभर मीठ. माझ्या हिशेबानं या प्रकरणातलं अर्ध्याहून अधिक काम इथेच झालं.

प्लास्टिकची चौकशी

फोटो अल्बमकडे वळलो. खिशांना हात लावला की किंचित तेलकट, आणि पान उलटताना नव्या रेनकोटसारखा वास. हा पीव्हीसीचा वास ओळखायला शिकणं ही तिकीटसंग्राहकाची पहिली इयत्ता. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात मऊ करणारे पदार्थ घालतात आणि ते वर्षानुवर्षं झिरपत बाहेर येतात. छपाईची शाई त्यात मऊ पडते आणि खिशाला चिकटते. एका खिशाच्या आतल्या बाजूला एका निळ्या तिकिटाची उलटी प्रतिमा उमटलेली दिसली, दाते मोजता येतील इतकी स्पष्ट. पीव्हीसी जुनं होताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडही सुटतो, जो ओलाव्यात आम्ल होतो.

पण तिच्या घरात इतरही पारदर्शक पिशव्या, खिसे, फाइलींची पानं होती आणि "यातलं चालेल ते वापरू" हा तिचा आग्रह रास्त होता. वासावर सगळं ठरत नाही. म्हणून दोन परीक्षा केल्या.

पहिली पाण्याची. प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा कापून भांड्यात बुडवायचा, बोटानं दाबून बुडबुडे काढायचे, आणि सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर तळाशी जातात. वर आलं ते निर्धास्त वापरा असं मी म्हणेन. तळाशी गेलं त्याची दुसरी परीक्षा: तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, ती प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. हिरवी झाली नाही आणि तुकडा कडक, काचेसारखा स्वच्छ, वाकवल्यावर कडकडणारा असेल तर बहुधा पॉलिएस्टर, जे सर्वात चांगलं. संग्रहालयं कागदपत्रांसाठी मायलर किंवा मेलिनेक्स म्हणून जे वापरत आली ते हेच. ही दुसरी परीक्षा गॅलरीत, वारा पाठीशी घेऊन करायची. धूर नाकात जाऊ द्यायचा नाही.

तिच्याकडच्या सात नमुन्यांपैकी चार तरंगले. त्यात कागदपत्रांच्या फाइलीत घालायची साधी पानं होती आणि खेळाडूंची कार्डं ठेवायची नऊ खिशांची पानंही, जी तिच्या मुलाची होती. मुलानं ती उदार मनानं देऊन टाकली, त्यातली कार्डं मात्र काढून घेऊन. नऊ खिशांचं पान तिकिटांच्या चौकड्यांना आणि लहान मिनिएचर शीटना, म्हणजे एकदोन तिकिटं छापलेल्या छोट्या पानांना, इतकं नेमकं बसतं की माझा अजूनही समज आहे, ही पानं बनवणाऱ्याला आपण काय बनवलंय ते कळलेलं नाही.

पारदर्शक पिशव्यांबाबत एक सावधगिरी. ज्यांच्या झाकणाला डिंकाची पट्टी असते त्यांतून तिकीट काढताना ते पट्टीला चिकटतं. झाकण कापून टाका आणि बिनझाकणाची पिशवी वापरा.

चिकट पानांचा अल्बम

यात त्रेपन्न तिकिटं होती, सगळी वापरलेली, हे आमचं नशीब. पानांवरचा गोंद पिवळा पडून पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होता. नख किंवा चाकू घालायचा मोह होतो; घालू नये. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा घेतला, दोन्ही हातांत ताणून तिकिटाच्या वरच्या कडेमागे घातला आणि करवतीसारखा अगदी हळू खाली आणला. पहिल्या तिकिटाला पाच मिनिटं लागली. दहाव्यापर्यंत तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला होता, मग मी चहा पीत बघत बसलो. एकोणपन्नास सुटली. चार सुटेनात. त्यांच्याभोवतीचं पान कात्रीनं कापून, मागच्या पुठ्ठ्यासकट, ती चार वेगळ्या पिशवीत ठेवली. सगळं आजच सोडवायचं असं कुणी लिहून दिलेलं नाही.

स्टॉकबुकाला चिकटलेली कोरी तिकिटं सोडवायला वेगळा उपाय: झाकणाचा डबा, तळाशी पिळून घेतलेला ओला टीपकागद, त्यावर पाण्यापासून दूर राहील अशी जाळी, जाळीवर तिकीट चित्र वर करून. झाकण लावायचं आणि दर अर्ध्या तासानं बघायचं. ओलसर हवेनं डिंक सैल पडतो आणि चिमट्यानं तिकीट सुटतं. पानासकट चिकटलं असेल तर पानाचा तेवढा तुकडा कापून आत ठेवायचा. अकरांपैकी नऊ सुटली. डिंक आता पहिल्यासारखा तुळतुळीत राहिला नाही, हे खरं. पण समोरून तिकीट अखंड आहे. जिवावरचं बोटावर निभावलं.

पैसे कुठे, काटकसर कुठे

तिनं ठरवलेली रक्कम म्हणजे एका बऱ्यापैकी हिंजलेस, म्हणजे हिंजांऐवजी तयार पारदर्शक खिसे असलेल्या, अल्बमची किंमत. एकाच्याच. तीत ३,८०० तिकिटं बसवायची होती.

इथे मी एक मत ठामपणे सांगतो, ज्यावर अनेक संग्राहक माझ्याशी भांडतील: पैसे किमतीप्रमाणे वाटू नयेत, धोक्याप्रमाणे वाटावेत. डिंकाचं तिकीट, ते कितीही साधं असो, ओलाव्यानं मरू शकतं. धुऊन डिंक काढलेलं, शिक्का मारलेलं तिकीट जवळजवळ अमर असतं; त्याला सूर्य, आम्लाचा कागद आणि माणसाचा हात यांपासून वाचवलं की झालं. म्हणून तीनशे कोऱ्या तिकिटांना पॉलिप्रॉपिलीनची पानं मिळाली आणि साडेतीन हजार वापरलेल्यांना ग्लासीनची छोटी पाकिटं.

ग्लासीन हा दाबून गुळगुळीत केलेला अर्धपारदर्शक कागद. तो तेलकट बोटं आणि धूळ थोपवतो, श्वास घेऊ देतो, आणि प्लास्टिकच्या मानानं फारच स्वस्त पडतो. पण तो चिरंजीव नाही. वर्षं गेली की पिवळसर आणि ठिसूळ होतो आणि आम्लधर्मी बनतो. तेव्हा तो बदलायचा खर्च आहे असं धरूनच चालायचं. मेणकागद म्हणजे ग्लासीन नव्हे, दिसायला सारखे असले तरी.

जुन्या छापील अल्बमचं काय? पानांच्या कडा तपकिरी म्हणजे कागदात आम्ल. पण काकांनी त्यात स्वतःच्या अक्षरात टिपा लिहिल्या होत्या, आणि तिला त्या हव्या होत्या. आम्ही प्रत्येक पानाचा फोटो काढला, तिकिटं काढली, अल्बम रिकामा करून वेगळा ठेवला. हिंज कोरडे असतानाच सोलतात. ओलं केलं तर ओल तिकिटापर्यंत जाते. जे हिंज सहज सुटेनात ते तसेच राहू दिले. वापरलेल्या तिकिटाच्या पाठीवर अर्धा हिंज राहिला म्हणून काही बिघडत नाही.

आता त्या तिकिटांसाठी नवी पानं हवी होती. मी तिला साधा फोटोकॉपीचा कागद घ्यायला सांगितला, जाडसर. यावर लोक भुवया उंचावतात. पण आजचा बहुतेक ऑफिसचा कागद आम्लमुक्त पद्धतीनं बनतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, जे थोडंफार आम्ल आलं तर खाऊन टाकतं. खात्री करायला आम्लतपासणीचं एक पेन मिळतं, कागदावर रेघ ओढायची: जांभळी उमटली तर ठीक, पिवळी राहिली तर तो कागद बाद. आमची जांभळी उमटली. डब्यातल्या खाकी पाकिटांवर रेघ पिवळीच राहिली, तेव्हा तिनं ती सगळी एका झटक्यात टाकून दिली. मला त्यातल्या एकावरची काकांची यादी कचऱ्यातून परत काढावी लागली.

रबरबँडबद्दल. रबरात गंधक असतं. एका गठ्ठ्यातल्या नारिंगी तिकिटांवर रबरबँड जिथे होता तिथे काळपट तपकिरी पट्टा उमटला होता, बाजूला मूळ नारिंगी तसाच. रंगातल्या शिशाचं गंधकाशी जमतं आणि रंग काळवंडतो. काही जण हायड्रोजन पेरॉक्साइडनं तो परत आणतात. मी तिला करू दिलं नाही. वारसा म्हणून आलेल्या वस्तूवर पहिलाच प्रयोग करू नये.

पाण्यात भिजवण्याचंही तेच. जुन्या अल्बममध्ये ब्रिटनचं १८८३-८४ चं एक हिरवं तिकीट होतं, जे आता पिवळट, धुवट दिसत होतं. त्या काळात शाई मुद्दामच अशी निवडली होती की शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरायला गेलं तर रंगच निघून जावा. काकांनी कधीतरी ते भिजवलं असणार. तेव्हा कळलं असेल त्यांना. डब्यातली कागदाला चिकटलेली तिकिटं आम्ही कोमट पाण्यात भिजवली, पण रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळे, गडद लाल-जांभळे शिक्के वेगळे, आणि अख्खी पाकिटं मुळीच नाहीत. पाकिटावरचा शिक्का, मार्ग, पत्ता हे सगळं मिळून ती वस्तू असते. नव्या जमान्यातली स्वचिकट तिकिटं तर बरीचशी पाण्यात सुटतच नाहीत. ती भोवती कागदाची चौकट ठेवून कापलेली बरी.

माझी चूक

आता झाकणाचा डबा. पॉलिप्रॉपिलीनचा, वीस लिटरचा, झाकणाला रबरी पट्टी असलेला. कोरी तिकिटं त्यात ठेवायची, दमट महिन्यांसाठी. मी जाताना दारात चप्पल घालता घालता म्हटलं, "आणि आत सिलिका जेल टाक."

किती, ते सांगितलं नाही.

तिनं एक किलो टाकलं. जितकं जास्त तितकं सुरक्षित, असा तिचा विचार; माझ्या अर्धवट वाक्यातून दुसरा निघणारच नव्हता. बारा दिवसांनी फोन आला: तिकिटं सुरळ्या झालीत. मापक २३ दाखवत होता. डिंक वाळला की आकसतो, कागद तितका आकसत नाही, मग तिकीट डिंकाच्या बाजूला वळतं. एक सुरळी तिनं बोटानं सरळ करायचा प्रयत्न केला तेव्हा डिंकाला तडा गेला आणि तो कागदापर्यंत पोचला. एक तिकीट गेलं. माझ्या खात्यावर.

हिशेब मी आधी करायला हवा होता, तो असा. वीस लिटर हवेत, २५ अंशांना, ५० टक्के आर्द्रतेला, पाव ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. पण डब्यातल्या दोन किलो कागदात, अल्बमची पानं धरून, वजनाच्या सहा-सात टक्के पाणी असतं: सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बंद डब्यात आर्द्रता कागद ठरवतो. हवेला त्यात विचारतो कोण? ६५ टक्क्यांना मुरलेला कागद ५० पर्यंत आणायला त्यातून साधारण चाळीस ग्रॅम पाणी काढायचं असतं, आणि त्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास सिलिका पुरते. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्या टाकणं म्हणजे समुद्रात चमचा घालणं, आणि एक किलो टाकणं म्हणजे काय ते आम्ही पाहिलं.

दुरुस्ती सोपी होती पण धीराची. सगळी सिलिका काढली, झाकण किलकिलं ठेवलं, तिकिटांना हात लावला नाही, दाबली नाहीत. पाच दिवसांत ती आपोआप बरीच सपाट झाली. त्यानंतर डबा एका कोरड्या दिवशी, मापक ५० च्या जवळ असताना बंद केला, आणि रिकामी जागा कोऱ्या फोटोकॉपी कागदाच्या गठ्ठ्यानं भरली. कागदच कागदाला सांभाळतो. बाहेर हवा बदलली तरी आतला आकडा हळूच हलतो. सिलिकाची एक छोटी पुडी आहे, नारिंगी दाण्यांची, ओली झाली की हिरवट होते. निळे दाणे मी टाळतो, त्यांचा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो अंगाला चांगला नाही. दाणे ११०-१२० अंशांना दोन तास तापवले की पुन्हा कोरडे.

आणि हवाबंद डब्यात कधीही दमट दिवशी, पंख्याखाली न वाळवता, काही ठेवू नये. रात्री खोली गार झाली की आतली ओल कागदावरच बसते. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि कागदावर बसते, काही प्लास्टिक मऊ पाडते. कसर कोरडेपणानं जाते.

वाचवता न आलेली दोन प्रकरणं

पत्र्याच्या डब्याच्या तळाशी भूतानचा १९६९ चा संच निघाला, पोलादाच्या पातळ पत्र्यावर छापलेली तिकिटं. ती खरोखर गंजलेली होती. लोखंडाच्या डब्यात, रबरबँडखाली, ओल्या भिंतीलगत पोलादाची तिकिटं; याहून नेमकी शिक्षा कुणी ठरवून दिली नसती. त्यातलं एकच स्वच्छ होतं. ते वेगळ्या पॉलिएस्टरच्या पिशवीत, सिलिकाच्या पुडीशेजारी ठेवलं. बाकीच्यांचा गंज शेजारच्या कागदांना लागतो, म्हणून ती एका वेगळ्या डबीत हद्दपार.

दुसरं अमेरिकेचं १९७४ चं नाताळचं तिकीट, वाऱ्याच्या दिशेला फिरणारं कबुतर दाखवणारं. तिथलं ते पहिलं स्वचिकट तिकीट. त्याचा गोंद कालांतरानं कागदात मुरतो आणि तिकीट तपकिरी पडतं. काकांचंही पडलं होतं. तिनं विचारलं, "यालाही खोली बदलून उपयोग नव्हता?"

नव्हता. ते ज्या दिवशी छापलं त्याच दिवशी त्याचं ठरलं होतं. मी तिला ते शेजारच्या तिकिटांपासून दूर, एकटं ठेवायला सांगितलं, कारण गोंद कागदातून पुढे जातो.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेलो. शेल्फवर ५५, डब्यात ४९. स्टॉकबुकं उभी, त्यांच्यात बोट जाईल इतकी जागा. अल्बमच्या रकमेतले जवळजवळ एक तृतीयांश पैसे उरले होते. त्यांचं तिनं काय केलं विचारलं तर म्हणाली, बाथरूमच्या नळाची गळती काढून घेतली.